बंदुकीची जोडी

१

बंदुकीनं मालकाचा जीव घेतला आणि त्या दिवसापासून तिचा भाव चढत गेला. मालक हयात होता तोवर ती नुसती एक जुनी रायफल होती. मालक छातीला भोक पडून टेबलावर कोसळला आणि ती 'इतिहास असलेली वस्तू' झाली. माणूस मेला की स्वस्त होतो आणि त्याला मारणारं लोखंड महागतं, हे डॉक्टरीणबाईंना नवं नव्हतं. उभी नोकरी त्यांनी शवागारात काढली होती. मेलेल्यांची त्यांना कधी किळस आली नाही. मेलेली माणसं गप पडून राहतात, खोटं बोलत नाहीत. किळस यायची ती बाहेर बाकावर बसलेल्या जिवंतांची. डोळे पुसता पुसता ती हळूच विचारायची, "बोटात अंगठी होती, ती निघाली का हो?"

निवृत्त झाल्यावर हे सुटेल असं त्यांना वाटलं होतं. पण नोकरीतून निवृत्त होता येतं, धाकट्या भावातून होता येत नाही.

धाकट्याचा टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचा मोठा धंदा होता. पन्नाशी उलटल्यावर पुरुषांना जे होतं ते त्यालाही झालं. कुणी पहाटे पळायला लागतो, कुणी बासरी विकत घेतो. ह्याला जुनी रायफल हवी होती. चालवायला नव्हे, हॉलमध्ये सोफ्याच्या वर टांगायला. घरात झुरळ निघालं तर ते मारायला ह्याला बायको लागायची.

"तू फक्त डाग बघायचास, ताई," गाडी चालवता चालवता तो म्हणाला. "दस्त्यावर, म्हणजे मागच्या लाकडावर, डाग आहे. ते म्हणतात, मालकाच्या रक्ताचा आहे. खरा असेल तर मागतात ती किंमत रास्त आहे."

"आणि खोटा असेल तर?"

"तर घासाघीस करता येईल."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. "म्हणजे तुला सोफ्याच्या वर मेलेल्या माणसाचं रक्त हवंय."

"रक्त नाही गं. हिस्ट्री."

हिस्ट्री अशी होती. पुलांची कामं करून निवृत्त झालेले एक म्हातारे इंजिनिअर. त्यांच्याकडे हुबेहूब एकसारख्या दोन जुन्या रायफली. एका दुपारी ते अभ्यासिकेत मेलेले सापडले. पुढ्यात टेबलावर रायफल, शेजारी तेलाची बाटली आणि चिंध्या. साफ करताना गोळी सुटली असं ठरलं. बंदुकांना तेलपाणी करणारा माळी होता. त्यानं काडतूस आत राहू दिलं, असंही ठरलं. माळ्यावर हलगर्जीपणाचा खटला होता आणि सोमवारी तो गुन्हा कबूल करणार होता. तोवर पोलिसांनी रायफल सील करून घरच्यांकडेच सांभाळायला दिली होती; खटला निकाली निघाला की ती त्यांच्या हाती कायमची मोकळी होणार होती. त्याच्या आतच तिला गिऱ्हाईक शोधलं होतं, आणि गिऱ्हाईक ह्या क्षणी सिग्नलला हॉर्न वाजवत होतं.

दार म्हाताऱ्यांच्या जावयानं उघडलं. गोरापान, टापटीप माणूस. नमस्कार-चमत्कार, पाणी, बसा-उठा काही नाही. पहिलं वाक्य हे:

"सील आत्ताच तोडून देऊ का?"

२

"तोडायचं नाव काढू नका, दाजी!" आतून आवाज आला. "सील आहे म्हणून तर भाव आहे."

हा म्हाताऱ्यांचा पुतण्या. व्यवहार त्याच्या हातात होता. जेवणाच्या टेबलावर मखमल अंथरून त्यानं रायफल निजवली होती, वर पिवळा दिवा सोडला होता. नवरी दाखवतात तसं सगळं. चाप आणि त्याच्यावरचा बोल्ट, म्हणजे बंदुकीच्या मागच्या अंगाला सरकणारा, काडतूस आत ढकलणारा लोखंडी दांडा, हे दोन्ही सुतळीनं करकचून बांधले होते आणि गाठींवर लाखेचे लाल शिक्के होते.

"पोलिसांनी त्या दिवशी जागच्या जागी बांधली, तशीच आहे," पुतण्या कौतुकानं म्हणाला. "तेव्हापासून कुणी बोट लावलेलं नाही. असा पीस बाजारात येत नाही, साहेब. बंदुका पुष्कळ मिळतील, पण मालकाला खाल्लेली, आणि वर सरकारी शिक्क्यासकट?"

"हे काका म्हणजे तुमचे सख्खे काका ना?" बाईंनी विचारलं.

"सख्खे! मला मुलासारखं मानायचे."

"दिसतंय."

धाकट्याचे डोळे मखमलीवरून हलत नव्हते. "ताई, डाग."

दस्त्यावर तळहाताएवढा तपकिरी डाग होता. बाईंनी पर्समधून कापूस काढला, ओला केला, डागावर फिरवला, नाकाशी नेला. तिघेही पुरुष श्वास रोखून उभे होते. कशासाठी, तर तो मेलेल्या माणसाचाच निघावा म्हणून.

"चहा आहे," बाई म्हणाल्या. "साखर जरा जास्त झालीय."

पुतण्यानं घसा साफ केला. "काका बंदूक पुसताना चहा घ्यायचे. म्हणजे हा त्यांचा शेवटचा चहा म्हणता येईल."

असल्या माणसाला लाजवायला जावं तर आपलीच जीभ विटाळते. बाईंनी कापूस कचऱ्यात टाकला आणि बंदुकीवर वाकल्या. बोल्टच्या मुठीला लाल मखमली फीत गुंडाळली होती, फूल बांधून.

"हे पोलिसांनी बांधलं?"

"छे, ते मी. शोभेला."

"काय ते सील-सील लावलंय!" जावई मधेच म्हणाला. "यांनी घेतल्यावर तोडायचंच आहे ना? मग आत्ताच तोडू, आतून-बाहेरून पुसून चकाचक करून देतो. मी स्वतः देतो."

तो दिव्याखाली आला तेव्हा बाईंना त्याचा उजवा गाल नीट दिसला. कानशिलापासून गालाच्या हाडापर्यंत बारीक निळे-काळे ठिपके होते, कातडीखाली शाई शिंपडावी तसे.

"हे काय झालं?"

"हे? गाडीची बॅटरी फुटली. ॲसिड उडालं. जुनी गोष्ट आहे."

बाई 'हं' म्हणाल्या. हे 'हं' त्या शवागारात म्हणायच्या तेव्हा ज्युनिअर डॉक्टर आपली फाइल पुन्हा उघडायचे.

"माळ्याचं काय?" त्यांनी विषय बदलला. "त्याला मान्य आहे, काडतूस त्यानं ठेवलं ते?"

"त्याच्या तोंडानंच सांगितलंय!" पुतण्या म्हणाला. "पोलिसांनी विचारलं, शेवटचा हात कुणाचा? म्हणाला, 'माझाच. मीच जोडी लावून ठेवली होती.' म्हणजे बंदुकीला बोल्ट जोडून, भरून ठेवली. झालं की! आम्ही तरी त्याला टाकलेलं नाही हं. वकील आमचाच आहे. घरचा माणूस."

"वकील की माळी?"

"दोघंही," पुतण्या म्हणाला, आणि त्यात हसण्यासारखं काय होतं ते त्याला कळलं नाही.

धाकट्यानं बाईंना बाजूला घेतलं. "चहा तर चहा. पण सील खरं आहे ना? घेऊन टाकू?"

"मला पाच मिनिटं दे. बागेत जाऊन येते."

"बागेत? कशाला?"

"इथे वास येतोय."

३

माळी गुलाबांच्या ओळीत उकिडवा बसून तण काढत होता. जामिनावर सुटल्यापासून तो इथेच होता. मालक मेला म्हणून तण थांबत नाही. बाईंना पाहून उठला, हात धोतराला पुसले.

"आपण नव्या मालकीणबाई का, बंदुकीच्या?"

"मी डॉक्टर. मेलेल्या माणसांची." त्या शेजारच्या दगडावर बसल्या. "सोमवारी कबूल होणार म्हणे तुम्ही."

"वकीलसाहेब म्हणाले, कबूल झालास तर थोडक्यात सुटशील. नाही म्हणालास तर म्हातारपण आत जाईल."

"पण काडतूस राहिलं होतं का तुमच्या हातून?"

माळी हातातल्या तणाची माती झाडत राहिला.

"बाई, मला तर आठवतं, मी बघितलं होतं. नळीतून उजेड बघितला होता आरपार. दर वेळी बघतो. पण एवढी शिकलेली माणसं म्हणतात राहिलं, तर राहिलंच असेल. रोज पडल्या पडल्या आठवून बघतो. पहिल्यांदा उजेड स्पष्ट दिसायचा. आता आठवायला जावं तर अंधारच दिसतो."

माणसाला तुरुंगात टाकतात ते ठीक, निदान दार दिसतं. ह्याला त्याच्याच डोक्यात कोंडून ह्यांनी किल्ली फेकून दिली होती, आणि वर वकील दिला होता.

"तुम्ही पोलिसांना म्हणालात, जोडी लावून ठेवली. जोडी म्हणजे काय?"

"जोडी म्हणजे जोडी." माळ्याला प्रश्नच विचित्र वाटला. "बंदुका दोन, बोल्ट दोन. दिसायला सगळे सारखे. पण साहेब म्हणायचे, हे नवरा-बायको आहेत, अदलाबदल चालत नाही. ज्या बंदुकीवर जो नंबर, तोच तिच्या बोल्टवर कोरलेला. वारलेल्या मालकिणीनं दोन मोज्यांवर लाल दोऱ्यानं ते नंबर काढून दिले होते. तेल झालं की बंदुका भिंतीवर, आणि बोल्ट ज्याच्या त्याच्या मोज्यात घालून साहेबांच्या उशाच्या खणात. त्याला आम्ही जोडी लावणं म्हणायचो."

"म्हणजे जोडी लावली म्हणजे बोल्ट बंदुकीपासून काढून ठेवला!"

"मग? बोल्ट लावून कुणी बंदूक ठेवतं का घरात?" माळी दचकून म्हणाला. "आणि बोल्ट असताना नळी साफ कशी करणार? गज घालायचा कुठून?"

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, जोडी लावलीस का. मी म्हणालो, लावली. त्यांनी लिहून घेतलं."

बाईंनी डोळे मिटून घेतले. चार यत्ता शिकलेल्या आणि चाळीस यत्ता शिकलेल्या सगळ्यांनी मिळून एका शब्दावर माणूस टांगला होता. कुणाला वाटलं नाही, विचारावं तरी, म्हणजे काय रे?

"साहेब त्या दिवशी रागावलेले होते का?"

"त्या दिवशी नाही. आदल्या आठवड्यापासून गप्प होते. मला म्हणाले, ह्या दोघी मी आता वितळवून टाकणार. जावईबापू रोज नवं गिऱ्हाईक आणतात, माझ्या मरणाची वाट बघत बसतात. लोखंड निघेल त्याची तुला खुरपी करून देतो, म्हणाले." त्यानं हातातल्या झिजलेल्या खुरप्याकडे पाहिलं. "मी म्हणालो, साहेब, बंदुकीचं पोलाद फार कडक. धार लावताना जीव जाईल."

४

स्वयंपाकघरात म्हाताऱ्यांची मुलगी बशीत बिस्किटं लावत होती. चेहरा रडून सुजलेला होता. पण रडणं कधीचं, ते सांगता येत नव्हतं. काही माणसं रडण्याचा साठा करून ठेवतात आणि पाहुणा आला की वाढतात.

"बाबांची खोली बघायची होती," बाई म्हणाल्या. "उशाचा खण."

"बघा ना. आता काय, सगळंच बघायला मोकळं आहे." ती पुढे झाली. "बाबांनी जिवापाड जपल्या हो त्या. आम्ही त्यांची आठवण म्हणून…"

"विकताय."

"चांगल्या घरी देतोय."

"यजमानांच्या गालाला काय झालंय? दुखत असेल."

"ते? तेल उडालं. गरम तेल. हे पुऱ्या— काहीतरी तळत होते."

"स्वयंपाक करतात?"

"हे?" तिला खरंच हसू आलं. "ह्यांना गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा ते माहीत नाही!" हसू अर्ध्यावर थांबलं. तिनं बिस्किटांची बशी उगाचच सरळ केली.

नवरा म्हणतो ॲसिड, बायको म्हणते तेल. बाईंनी आयुष्यात दोन्ही पुष्कळ पाहिलं होतं. तेलाचा फोड येतो आणि कातडी गुळगुळीत होऊन भरते. ॲसिड ओघळतं, वण पडतो. निळे ठिपके कातडीखाली उरतात ते एकाच गोष्टीचे. बंदुकीच्या न जळलेल्या दारूचे कण आत घुसतात आणि मग साबणानं, क्रीमनं, बायकोच्या खोटं बोलण्यानं निघत नाहीत.

पण बंदुकीची दारू पुढे उडते, मागे नाही. मारणाऱ्याच्या गालावर ती यायची तर बंदूक मागच्या अंगानं फुटायला हवी. चांगली तेल दिलेली, जपलेली बंदूक मागून का फुटेल?

त्यांनी खण उघडला. आत काडतुसांचा जुना डबा, आणि दोन लोकरी मोजे. एक रिकामा. दुसरा जड. जड मोज्यावर लाल दोऱ्यानं टाचलेला आकडा सत्तेचाळीस, आतल्या बोल्टवर कोरलेला आकडाही सत्तेचाळीसच. माळ्यानं जोडी चोख लावली होती.

रिकाम्या मोज्यावर होता अठ्ठावन्न.

बाईंनी बोल्ट मोज्यासकट पर्समध्ये टाकला. तेवढ्यात जेवणघरातून धाकट्याचा उत्साही आवाज आला.

"ताई! ठरलं गं! आत कात्री आहे का विचार!"

५

बाई जेवणघरात पोचल्या तेव्हा कात्री सापडली होती. ती जावयानंच कुठूनशी आणून धाकट्याच्या हातात दिली होती. पुतण्या मोबाइल सरसावून उभा होता. सील तुटतानाचा व्हिडिओ, म्हणे, पुढे भाव वाढवतो. त्याचीही तोडायला हरकत राहिली नव्हती, फक्त मान गिऱ्हाईकाचा.

"कात्री खाली ठेव."

"का? डाग चहाचा म्हणून पैसे कमी केलेत त्यांनी. आता तर—"

"खाली ठेव, म्हटलं ना."

धाकट्यानं ठेवली नाही, पण हात थांबला. शाळेत असताना तो असाच थांबायचा. ताईचा आवाज बदलला की.

बाई टेबलाशी गेल्या आणि त्यांनी बोल्टच्या मुठीवरची ती फूल बांधलेली फीत ओढून काढली. खाली पोलादात कोरलेला आकडा होता: अठ्ठावन्न. मग त्यांनी बंदुकीच्या अंगावर बोट ठेवलं. तिथे होता सत्तेचाळीस.

"ह्या बंदुकीत दुसरीचा बोल्ट आहे."

धाकट्याचा चेहरा पडला. "मॅचिंग नाहीत?"

"नाहीत. हिचा स्वतःचा बोल्ट त्या दिवशी मोज्यातून बाहेरच आला नाही. तो माझ्या पर्समध्ये आहे." त्या सगळ्यांकडे वळल्या. "सुतळी त्या दिवसाची आहे, हे तुम्हीच छातीठोक सांगताय. म्हणजे गोळी सुटली तेव्हा हाच चुकीचा बोल्ट आत होता. तो कुणी घातला? म्हाताऱ्यांनी? त्यांनी जन्मभर ह्यांची लग्नं सांभाळली. माळ्यानं? तो डोळे मिटूनही जोडी लावेल. शिवाय दोघांनाही ठाऊक, की बंदूक साफ करायची तर बोल्ट बाहेर लागतो. हा बोल्ट घालणाऱ्याला खण माहीत होता, पण आकड्यांना अर्थ असतो हे माहीत नव्हतं. त्यानं भिंतीवरची हाताला लागेल ती बंदूक घेतली, हाताला लागेल तो मोजा रिकामा केला, आणि काम झाल्यावर तेल-चिंध्या मांडून ठेवल्या."

"काहीतरीच!" जावई म्हणाला. "लोखंडाला लोखंड बसलं. काय फरक पडतो?"

"तुमच्या गालाला पडला. बोल्ट नेमका बसला नाही, जुनं काडतूस आतल्या आत फाटलं आणि दारूचा फवारा मागे आला. खांद्याला बंदूक लावून, गाल टेकवून उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर. साफ करणाऱ्याकडे बंदुकीचं तोंड असतं, साहेब. शेपूट नव्हे. हे ठिपके जिथे तुमच्या गालावर आहेत तिथे पोचायला एकच जागा आहे, आणि ती चापाच्या बाजूची आहे."

"बॅटरी—"

"बायको तेल म्हणते. आधी घरात तरी ठरवायचं."

मुलगी दारात उभी होती. बशीतली बिस्किटं हळूहळू एका बाजूला घसरत होती.

"त्यांना फक्त घाबरवायचं होतं," जावई एकदम म्हणाला. आवाज चिरका झाला होता. "ठार वेडे झाले होते ते! वितळवणार म्हणे! एवढी किमती चीज, आणि खुरपी! माळ्याला खुरपी! मी फक्त रोखून धरली. म्हटलं, घाबरतील."

"घाबरवायला काडतूस लागत नाही," बाई म्हणाल्या. "ते तुम्ही डब्यातून वेगळं काढलंत."

जावई टेबलाकडे झेपावला. कुणाच्या अंगावर नव्हे, सुतळीवर. आत्ता तोडली, बोल्ट बदलला, आत अडकलेली काडतुसाची फाटकी पुंगळी काढून गटारात टाकली, की उरतो फक्त एक म्हातारा माळी आणि त्याचा कबुलीजबाब. धाकट्यानं रायफल उचलून पोटाशी धरली आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या पोटाचा समाजाला उपयोग झाला.

"तुम्हाला काय करायचंय!" जावई ओरडला. "घ्या आणि जा! निम्म्यात देतो! तुमची ताई काय कोर्ट आहे?"

बाईंनी भावाकडे पाहिलं. "तू घेऊन ही सुतळी तोडलीस तर माळ्याला सोडवणारं जगात काही उरत नाही. तुझ्या हातात आहे."

धाकट्यानं बंदुकीकडे पाहिलं. तिच्यावरून एकदा हात फिरवला. गंभीरपणे विचार केला. मग मान हलवली.

"नको," तो म्हणाला. "मॅचिंग नंबर नसतील तर मला नकोच."

चांगलं काम घडलं होतं, आणि इतक्या घाणेरड्या वाटेनं आलं होतं की बाईंना त्याला हात लावावासा वाटेना. त्या पुतण्याकडे वळल्या.

"तुम्हाला माहीत होतं. फीत तुम्ही बांधलीत."

"मला खून वगैरे माहीत नव्हता हं!" पुतण्यानं दोन्ही हात वर केले. "नंबर वेगळे आहेत एवढं कळलं होतं. नंबर वेगळे तर किंमत अर्धी. कुठलाही विक्रेता झाकेल. आता त्याचा अर्थ काय, हे मी कशाला बघू? काका काही परत येणार नव्हते."

"आणि तू?" बाईंनी मुलीला विचारलं.

तिनं बशी टेबलावर ठेवली, घसरलेलं बिस्कीट उचलून पुन्हा रांगेत लावलं.

"बाबा तर गेलेच होते," ती म्हणाली. "निदान संसार तरी राहायला हवा होता ना?"

बाईंनी पोलिसांना फोन लावला. पत्ता सांगून झाल्यावर त्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. ते लोक येईपर्यंत घरातल्या खुर्चीवर टेकायची त्यांना इच्छा झाली नाही.

६

सोमवारी सील कोर्टातच उघडलं. बोल्ट मागे ओढायला दोघांना जोर लावावा लागला. आत पुंगळी होती, अंगातून लांबच्या लांब फाटलेली, बाई म्हणाल्या होत्या तशीच. वकीलसाहेबांनी ताबडतोब सांगितलं, की आपला अशिलाच्या निर्दोषपणावर पहिल्यापासून विश्वास होता. माळ्यावरचा खटला त्याच दुपारी रद्द झाला. जावयाला वेगळ्या दारानं नेलं. पुतण्या बाहेर एका पत्रकाराला सांगत होता, की दुसरी रायफल अजून घरात आहे, तिलाही हिस्ट्री आहेच, ती खून झालेल्या खोलीत टांगलेली होती. धाकटा त्याच्या आसपास घुटमळत होता. बाईंनी नुसतं पाहिलं, तसा तो गाडीत जाऊन बसला.

माळी पायरीवर उभा होता. सुटलेली माणसं आनंदानं काहीतरी करतात, असं बाईंनी ऐकलं होतं. हा नुसता उभा होता.

"म्हणजे मी बघितलं होतं," तो म्हणाला. "उजेड."

"बघितला होतात."

"काडतूस नव्हतं."

"नव्हतं. तुमची जोडीही बरोबर होती. सगळ्यात बरोबर तुम्हीच होतात."

त्यानं मान हलवली. दोन पायऱ्या उतरला आणि परत आला.

"बाई, हे लिहून द्याल का? मला आकडे ओळखू येतात, वाचता येत नाही. पण घरी बायकोला दाखवायचंय. तिनं इतके दिवस एका शब्दानं विचारलं नाही, की तू केलंस का. म्हणजे तिलाही वाटत होतं, केलंय." तो जरा थांबला. "आता तोंडानं सांगितलं तर म्हणेल, मला बरं वाटावं म्हणून सांगतोस."

बाईंनी पर्समधून पॅड काढलं. मेलेल्यांबद्दल त्यांनी आजवर हजारो दाखले लिहिले होते. जिवंत माणसाचा हा पहिलाच. पेन टेकवलं, तोच माळी संकोचून म्हणाला:

"अक्षर मात्र लागेल असं काढा हं. डॉक्टरांचं कुणाला लागत नाही."

बाई पायरीवरच बसल्या, कागद गुडघ्यावर धरला, आणि पहिलीतल्या मुलीसारखं एकेक अक्षर सुटं, मोठं, गोल काढू लागल्या: ह्यांनी बंदूक तपासली होती.